प्लॅन वर की खाली? : डॅट परीक्षेच्या दोन प्रयत्नांचं प्रकरण

शनिवार, २७ जुलै २०२४. सांगलीत पाऊस लागून राहिला होता, आणि आम्ही सगळे रात्री अकराला आयर्विन पुलाच्या पाण्याची पातळी मोबाइलवर बघत जागे होतो. तेवढ्यात न्यू जर्सीहून भाचीनं एका कागदाचा फोटो पाठवला. खाली एक शब्द नाही. एरवी ती मांजराच्या फोटोखालीसुद्धा चार ओळी लिहिते.

कागदावर आठ आकडे होते. पीएटी १५, क्वांटिटेटिव्ह रीझनिंग १६, रीडिंग १८, बायॉलॉजी १७, जनरल केमिस्ट्री १८, ऑरगॅनिक केमिस्ट्री १७, टोटल सायन्स १७, अकॅडेमिक अ‍ॅव्हरेज १७.

ही अमेरिकेतल्या दंतवैद्यक कॉलेजांची प्रवेश परीक्षा, डेंटल अ‍ॅडमिशन टेस्ट. तिकडची आपली मुलं तिला नुसतं ‘डॅट’ म्हणतात. अमेरिकन डेंटल असोसिएशन ती घेते. तेव्हा गुण १ ते ३० या मापात मिळायचे. मार्च २०२५ पासून ते माप बदलून २०० ते ६०० झालं. जुन्या मापात १७ म्हणजे साधारण सरासरी कामगिरी. प्रवेश मिळालेल्या मुलांची सरासरी मात्र विसाच्या आसपास. म्हणजे भाची नापास झाली नव्हती, कारण या परीक्षेत नापास असं काही नसतंच. रांगेत उभी होती, पण दार दिसेल इतकी पुढे नव्हती.

मी एका पॉलिटेक्निकमध्ये चोवीस वर्षं इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवतो. दाताशी माझा संबंध दोन रूट कॅनालपुरता. तरीही हे प्रकरण मी लिहितोय, कारण त्यातली सगळ्यात ठसठशीत चूक माझी आहे.

परीक्षेत असतं काय

आपल्याकडे बारावी झाली, नीट दिली, की पोरगं थेट बीडीएसला. चार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. अमेरिकेत आधी पदवी, मग चार वर्षांचं दंतवैद्यक. डॅट बहुतेक जण पदवीच्या तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात देतात. सगळ्या देशाचा एकच दिवस नसतो. प्रोमेट्रिकच्या संगणक केंद्रात आपल्याला जमेल ती तारीख घ्यायची, पाचशे डॉलरांच्या वर फी भरायची आणि जाऊन बसायचं.

पहिला भाग विज्ञानाचा: ९० मिनिटांत १०० प्रश्न. त्यात ४० जीवशास्त्र, ३० सामान्य रसायन, ३० सेंद्रिय रसायन. भौतिकशास्त्र नाही. हे कळल्यावर आमच्या चिरंजीवांनी, जे त्याच वर्षी नीटला बसले होते, जेवणाचं ताट बाजूला सारून विचारलं, “अजिबात नाही?”

लगेच दुसरा भाग, पर्सेप्च्युअल अ‍ॅबिलिटी टेस्ट, म्हणजे पीएटी. ६० मिनिटांत ९० प्रश्न. मग हवी असल्यास अर्ध्या तासाची सुट्टी. मग वाचन: तीन लांबलचक उतारे, ५० प्रश्न, ६० मिनिटं. शेवटी गणित: ४० प्रश्न, ४५ मिनिटं, पडद्यावरचा साधा कॅल्क्युलेटर फक्त इथे मिळतो. सुरुवातीची ओळख आणि शेवटची प्रश्नावली धरून सव्वापाच तास.

पीएटी हा प्रकार आपल्याकडच्या कुठल्याच वैद्यकीय प्रवेशात नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. दंतवैद्याला आरशातून उलटं दिसणाऱ्या दातावर दशांश मिलिमीटरच्या हिशेबात काम करायचं असतं. त्याच्या डोळ्यांना आणि मेंदूला घन वस्तू फिरवून बघता येते का, हे तपासणारी ही चाचणी. पूर्वी तर अमेरिकेत मुलांना खडूच्या कांड्या कोरायला देत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते थांबलं आणि त्या जागी कागदावरची चाचणी आली. कॅनडाच्या परीक्षेत साबण कोरणं अगदी २०१९ पर्यंत होतं.

पीएटीत सहा प्रकार, प्रत्येकी १५ प्रश्न. एक वस्तू कुठल्या भोकातून आरपार जाईल. वस्तूची दोन दृश्यं दिली तर तिसरं कुठलं. चार कोन लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. कागदाची घडी घालून भोक पाडलं, आता उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील. घनांचा ढीग चिकटवून बाहेरून रंगवला, तर दोन बाजू रंगलेले घन किती. आणि सपाट नकाशा दुमडला तर कुठली आकृती होईल.

यातला दुसरा प्रकार ऐकल्यावर मी एप्रिलमध्ये ताईला, म्हणजे भाचीच्या आईला, फोनवर म्हणालो, “अगं, हे तर आमचं ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन! पहिल्या सेमिस्टरच्या पोरांना डोळे मिटून येतं. माझ्यावर सोड.”

तिनं सोडलं.

घरून गेलेली मदत

मे महिन्यात मी भाचीला बावीस शीट पाठवल्या. पोरांच्या सबमिशनमधून निवडलेल्या, स्वतः तपासलेल्या, सोप्याकडून अवघडाकडे लावलेल्या. दोन दृश्यं दिलेली, तिसरं काढ. ती रोज एक सोडवायची, फोटो टाकायची, मी लाल पेनानं खुणा करून परत पाठवायचो. जूनच्या मध्यापर्यंत तिच्या चुका जवळजवळ बंद झाल्या. मामी म्हणाली, आता तुम्ही तिला डिप्लोमाच देऊन टाका.

त्याच वेळी ती तिथल्या एका तयारीच्या संगणकीय सरावावर तेच प्रश्न सोडवत होती, आणि तिथे पंधरापैकी सहा, सात एवढेच यायचे. तिनं मला हे सांगितलं होतं. दोनदा. मी म्हणालो, “त्यांचे प्रश्न उगाच अवघड करून ठेवलेले असतात गं. बेसिक पक्कं कर.” ज्या परीक्षेसाठी मी शिकवत होतो तिचा एकही प्रश्न मी तोवर डोळ्यांनी बघितलेला नव्हता. बघायला मागितलाही नव्हता.

दुसरी मदत माझ्या मुलाची. ५ मे २०२४ला त्याची नीट झाली: ७२० गुण, २०० मिनिटं, बरोबरला ४ आणि चुकीला वजा १. पुढे ४ जूनचा निकाल, पूर्ण ७२० मिळालेले ६७ जण, वाढीव गुण, सर्वोच्च न्यायालय, सुधारित निकाल, हा सगळा धुरळा उडाला. त्या काळात घरात बोलायला दुसरा विषयच नव्हता. आतेबहिणीशी त्याचं रोज बोलणं व्हायचं. वयानं तीन वर्षं लहान, पण परीक्षेतला मुरलेला. त्यामुळे सल्ला देण्याचा मान त्याचा. क्लासमध्ये दोन वर्षं कानावर पडलेलं त्यानं तिला जसंच्या तसं दिलं: “जे येत नाही त्याला हात लावायचा नाही. निगेटिव्हनं माणूस मरतो.”

डॅटला निगेटिव्ह मार्किंग नाही. चुकीचं उत्तर आणि कोरं उत्तर, दोन्हींची किंमत सारखीच, शून्य.

भाचीला हे ठाऊक होतं. परीक्षेच्या अधिकृत माहितीपत्रकात तिनं ते वाचलं होतं, खाली रेघसुद्धा मारली होती. नंतर मी विचारलं, मग सोडलेस कशाला? ती म्हणाली, “मामा, वाचलं होतं एकदाच. तो ओरडत होता रोज.”

तिसरी मदत आजीची, ती पुढे येईल. आणि चौथी मदत, जी खरोखर वेळेवर पोचली, ती ताईची. भाचीचा जन्म इथला, पासपोर्ट भारतीय. त्यात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात तिचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र. नोंदणी करताना पोरीनं अमेरिकन सवयीनं फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव लिहिलं. केंद्रावर दाखवायच्या ओळखपत्रावरचं नाव नोंदणीतल्या नावाशी जुळलं नाही तर आत सोडत नाहीत, आणि फीही गेलीच म्हणून समजा. ताईनं बँकेत पंचवीस वर्षं केवायसीचे कागद तपासलेत. तिनं नोंदणीची छापील प्रत हातात घेतली आणि पहिल्या मिनिटात बोट ठेवलं. परीक्षेच्या तीन आठवडे आधी दुरुस्ती झाली. वडिलांचं नाव मधे घालायची आपली रीत तिकडच्या फॉर्मांना अजून नीटशी कळलेली नाही. ज्यांची मुलं अशा परीक्षांना बसतायत त्यांनी हे एवढं तरी आधी बघून ठेवावं.

त्या दिवशी झालं काय

निकालानंतर चार दिवस ती बोलली नाही. पाचव्या दिवशी व्हिडिओ कॉलवर आली तेव्हा आम्ही ठरवलं की रडायचं नाही, समजावायचं नाही, फक्त सकाळपासून दुपारपर्यंत काय काय झालं ते क्रमानं सांगायचं. मी वहीत लिहून घेत होतो. प्रॅक्टिकलमध्ये मशीन बंद पडलं की आम्ही असंच करतो.

सात वाजता केंद्रावर. खिसे उलटे करून दाखवले, चष्मा तपासला, धातुशोधक फिरवला, बाकी सगळं लॉकरमध्ये. आत लिहायला कागद-पेन्सिल नाही. प्लॅस्टिकचा लेप दिलेले दोन तक्ते आणि दोन बारीक मार्कर. हे तिला माहीत होतं, पण घरी सराव सगळा वहीत, शिसपेन्सिलीनं. पहिली दहा मिनिटं मार्करची शाई हाताला पुसली जाऊन लिहिलेलं फिसकटत होतं.

विज्ञानाच्या शेवटी वेळ संपला तेव्हा पडद्यावरच्या यादीत नऊ प्रश्न अनुत्तरित दिसत होते. ते ‘येत नाही’ म्हणून सोडलेले. पीएटीत ती पहिल्या प्रश्नापासून ओळीनं गेली. पहिला प्रकार भोकांचा, सगळ्यात वेळखाऊ. त्यातच बावीस मिनिटं गेली. मग दृश्यं, मग कोन. घन मोजायला पोचली तेव्हा बारा मिनिटं उरली होती, आणि शेवटच्या प्रकारातले अकरा प्रश्न तसेच राहिले. त्यानंतर सुट्टी. ती तिनं घेतलीच नाही. “लय तुटेल असं वाटलं.” तिसऱ्या उताऱ्याच्या वेळी तिला एकच ओळ तीनदा वाचावी लागत होती. गणितात आणखी सात प्रश्न कोरे.

नऊ, अकरा, सात. सत्तावीस प्रश्न कोरे. प्रत्येकाला चार किंवा पाच पर्याय. वेळ संपायच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात एकच अक्षर सरसकट दाबलं असतं तरी सरासरीनं पाच-सहा बरोबर आले असते. त्यानं सतराचे वीस झाले नसते, हे मान्य. पण फुकट मिळणारं ते होतं.

ताईचं मत माझ्याहून वेगळं आहे आणि ते नोंदवायला हवं. तिच्या मते खरं कारण जीवशास्त्र. कॉलेजात पोरीनं पेशी आणि जनुकं खोलवर केली. डॅटचं जीवशास्त्र मात्र पसरट असतं. शेवाळापासून मूत्रपिंडापर्यंत आणि गर्भाच्या वाढीपासून जंगलाच्या अन्नसाखळीपर्यंत सगळीकडे एकेक टोचणी. आणि सेंद्रिय रसायन दोन वर्षांपूर्वी झालेलं, वाळून गेलेलं. हे खरंच आहे. आकडे बघितले तर बायॉलॉजी आणि ऑरगॅनिक दोन्ही सतरावर अडकलेले होते. मी ड्रॉइंगचा मास्तर, मला सगळीकडे ड्रॉइंग दिसतं. पण पंधराचा आकडा पीएटीचा होता, आणि तो मी सांभाळायला घेतलेला विषय होता.

काचेची पेटी

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी म्हणालो, त्या संगणकावरच्या सरावातला एक प्रश्न माझ्यासमोर सोडव, आणि डोक्यात जे चाललंय ते तोंडानं बोल. तिनं पडदा माझ्या बाजूला केला.

मी बघतच राहिलो. प्लॅन वर होता. एलिव्हेशन त्याच्या खाली.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. घन वस्तूची सपाट दृश्यं कागदावर मांडायच्या दोन रीती आहेत. आपल्याकडे फर्स्ट अँगल. भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ४६ या संहितेनं कॉलेजांना तीच घालून दिलीय. वस्तू आपल्या आणि भिंतीच्या मधे ठेवायची आणि पलीकडच्या भिंतीवर तिची छाया पडली असं समजायचं. त्यामुळे वरून दिसणारं दृश्य, म्हणजे प्लॅन, समोरच्या दृश्याच्या, म्हणजे एलिव्हेशनच्या, खाली येतं. आणि समोरच्या दृश्याच्या उजवीकडे जे काढतात ते वस्तूच्या डाव्या बाजूनं दिसणारं असतं. अमेरिकेत थर्ड अँगल. वस्तू काचेच्या पेटीत ठेवायची आणि काचेवरच जे दिसतं ते उतरवायचं. पेटी उलगडली की वरचं दृश्य वर येतं, उजवीकडचं उजवीकडे.

डॅटमध्ये वरचं दृश्य डाव्या वरच्या कोपऱ्यात, समोरचं त्याच्या खाली, आणि उजव्या बाजूचं उजवीकडे. सरळसरळ थर्ड अँगल.

आणि माझ्या बावीसच्या बावीस शीट फर्स्ट अँगलच्या. भाचीच्या डोक्यात मी पक्कं बसवलं होतं की उजवीकडच्या चौकटीत डावीकडून दिसणारं काढायचं. ती ते अचूक काढायची. त्या पर्यायांत बरोबर उत्तराची आरशातली प्रतिमा हमखास ठेवलेली असते, आणि ती दरवेळी नेमकी तीच उचलायची. जी चूक अंदाजानं झाली असती तर चारातून एखाद्या वेळी बरोबर आली असती, ती माझ्या शिकवणीनं शंभर टक्के खात्रीची करून ठेवली होती.

चोवीस वर्षांत मी हजारेक मुलांना सांगितलं असेल की शीटच्या कोपऱ्यातलं चिन्ह आधी बघा, कापलेल्या शंकूचं, त्यावरून अँगल कळतो. भाचीला ते सांगायला विसरलो, कारण माझ्या शीटवर ते कायम एकच असतं.

मी तिला सरळ सांगितलं. ती हसायला लागली, आणि थांबेचना. मग म्हणाली, “म्हणजे मी मठ्ठ नाहीये?” तिला दोन महिने असं वाटत होतं हे मला त्या वाक्यानं कळलं.

शिकलेलं काढून टाकणं हे नव्यानं शिकण्यापेक्षा अवघड. पहिला आठवडा ती मधेच जुन्या वाटेनं जायची. तेव्हा मी कागद बंद केला. ताईकडे मिठाईचे पारदर्शक प्लॅस्टिकचे डबे होते. त्यातल्या एकाच्या कडा कापून बिजागरीसारखी चिकटपट्टी लावायला सांगितली. अंघोळीच्या साबणाच्या वड्या आणल्या. साबणाची वडी सुरीनं कोरायची: एक खाच, एक उतार, एक आरपार भोक. ती डब्यात ठेवायची, तीन बाजूंनी डोळा लावून मार्करनं काचेवर, म्हणजे प्लॅस्टिकवर, उतरवायचं आणि मग डबा उलगडायचा. दृश्यं आपोआप डॅटच्या जागी येऊन बसतात. लपलेल्या कडा तुटक रेषेनं. आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही हे बटाट्यावर करतो, पण बटाटा काळा पडतो. दोन आठवड्यांत एकोणीस वड्या संपल्या आणि ताई म्हणाली, घरभर चंदनाचा वास येतोय, देव्हारा कुठला नि टेबल कुठलं कळत नाही.

इथे आजी येते. घडी घालून भोक पाडण्याचा प्रकार भाचीला पहिल्यापासून जमत होता, पंधरापैकी तेरा-चौदा. लहानपणी दर दोन वर्षांनी सांगलीला आली की गणपतीच्या आधी आजीजवळ बसून ती घोटीव कागदाच्या पताका कापायची. तीन घड्या, कोपऱ्याला एक चंद्रकोर, मधे एक टिंब, उलगडलं की जाळी. त्या परीक्षेत कागद जास्तीत जास्त तीनदाच दुमडतात, आणि तो मूळ चौकोनाच्या बाहेर जात नाही. चार बाय चारची सोळा घरं मनात धरायची, शेवटच्या घडीपासून मागे उलगडत यायचं आणि प्रत्येक भोकाची जोडी घडीच्या रेघेपलीकडे ठेवायची. तिला हे कुणी शिकवलं नाही, कात्रीनं शिकवलं. माझी चोवीस वर्षांची नोकरी आणि आजीची पताका यांतलं कोण कामाला आलं हे मामीनं मला नंतर बऱ्याच वेळा ऐकवलं.

कोनांच्या बाबतीतही मी हात आवरता घेतला. मी अंश सांगायला लावायचो, हा अठ्ठावन्न, तो एकसष्ट. तिथे अंश कुणी विचारत नाही, लहान-मोठं एवढंच. लॅपटॉप किती उघडलाय हे आपण न मोजता ओळखतो, तशी झटकन नजर टाकायची आणि पुढे जायचं. जितकं जास्त टक लावून बघावं तितके सगळे कोन सारखे दिसायला लागतात.

अकरा आठवडे

दोन प्रयत्नांत किमान ६० दिवस जावे लागतात. आधीचे गुण पुसले जात नाहीत. कॉलेजांना जुने-नवे दोन्ही दिसतात. तिनं १२ ऑक्टोबरची तारीख घेतली. पहिल्या परीक्षेपासून बरोबर अकरा आठवडे. त्यात सप्टेंबरपासून कॉलेजचं शेवटचं वर्ष सुरू.

आठवड्यातले पाच दिवस रोज दीड तास, जीवशास्त्र आणि सेंद्रिय रसायन आलटून पालटून. याबद्दल मला फारसं लिहिता येणार नाही. ती आणि ताई बघत होत्या. मला दिसायचं ते एवढंच की भिंतीवर विक्रियांचे कागद वाढत चालले होते. दर शनिवारी मात्र सकाळी आठला ग्रंथालयात पूर्ण परीक्षा, सव्वापाच तास, सुट्टीसकट. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. कागदाऐवजी तिनं दोन कोरे कागद लॅमिनेट करून घेतले आणि बारीक मार्कर विकत आणले. पीएटीत ती आता ४६व्या प्रश्नापासून सुरुवात करायची: आधी घड्या, मग घन, मग नकाशे, आणि मग मागे येऊन कोन, दृश्यं, शेवटी भोकं. प्रश्न मागेपुढे करायची मुभा असतेच. घनांसाठी तक्त्यावर शून्य ते पाच असा उभा तक्ता आखून प्रत्येक घनाची रेघ मारायची, एकूण जुळली की त्या आकृतीवरचे सगळे प्रश्न एका दमात सुटतात. तळाची बाजू रंगलेली नसते हे विसरलं की सगळं गणित कोसळतं; ते ती पहिले तीन शनिवार विसरली.

आणि प्रत्येक भागाची शेवटची चाळीस सेकंद राखीव. राहिलेल्या सगळ्यांना ‘बी’. माझा मुलगा हे ऐकून अक्षरशः कासावीस झाला. त्याच्या दोन वर्षांच्या संस्कारांवर कुणी पाणी ओतावं तसा.

मधल्या काळात एक गोष्ट मनाला लागून होती. तिचा प्रवेशअर्ज जूनमध्येच गेला होता. देशभरातल्या बहुतेक कॉलेजांसाठी एकच सामायिक अर्ज असतो आणि तो उन्हाळ्याच्या सुरुवातीला भरायला घेतात. पण कॉलेजं जसे अर्ज पूर्ण होतील तसे वाचत जातात, मुलाखतींच्या जागा भरत जातात. ऑक्टोबरात गुण येणं म्हणजे पंगत बसल्यावर पाट शोधत येणं. उन्हाळ्यातल्या एका चुकीची किंमत फक्त दुसरी फी नव्हती.

१२ ऑक्टोबरला दसरा होता. आम्ही सकाळी पाटीपूजन केलं, मी माझ्या मिनी ड्राफ्टरला आणि सेट स्क्वेअरला हळद-कुंकू वाहिलं. संध्याकाळी साडेपाचला, लोक सोनं वाटायला बाहेर पडत असताना, ती आत गेली. अकराच्या पुढे फोटो आला. या वेळी खाली लिहिलेलं होतं: “मामा प्लॅन वर होता!!”

पीएटी २०, क्वांटिटेटिव्ह १९, रीडिंग २२, बायॉलॉजी २०, जनरल केमिस्ट्री २१, ऑरगॅनिक २०, टोटल सायन्स २०, अकॅडेमिक अ‍ॅव्हरेज २०.

सगळ्यात जास्त वर गेलेला आकडा पीएटीचा, पाच. त्यातलं किती माझ्या दुरुस्तीचं आणि किती ४६पासून सुरुवात केल्याचं, हे वेगळं करता येत नाही. प्रश्नवार निकाल कुणाला देतच नाहीत. वाचनातले चार मात्र मी निःशंकपणे अर्ध्या तासाच्या सुट्टीच्या आणि दोन केळ्यांच्या खात्यावर टाकतो. आणि जीवशास्त्राचे तीन, सेंद्रियचे तीन ताईच्या खात्यावर. ते तिनं आधीच टाकून घेतलेत.

दोन कॉलेजांनी मुलाखतीला बोलावलं. एकानं नाही म्हटलं, एकानं प्रतीक्षायादीत ठेवलं. मार्च २०२५ मध्ये, होळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, त्या दुसऱ्या कॉलेजातून जागा मिळाल्याचा मेल आला. माझ्या मुलाला इथे खासगी कॉलेजात बीडीएस मिळालं. त्याची पाच वर्षं आणि तिची चार, दोघं एकाच वर्षी दंतवैद्य होतील, २०२९मध्ये, तो दंतवैद्यकात तिच्याहून एक वर्ष ‘सीनियर’ असूनही.

आता दोघांचंही डेंटल अ‍ॅनाटॉमी झालंय. मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरून झालेत. गेल्या रविवारी दोघं व्हिडिओ कॉलवर एकमेकांना कोरलेले दात दाखवत होते आणि मी शेजारी पेपर वाचत होतो. तो म्हणाला, हा माझा सोळा नंबर बघ, कसला झालाय. ती म्हणाली, हा सोळा कसा असेल, सोळा म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. तो म्हणाला, काहीही काय, सोळा म्हणजे वरची उजवी पहिली दाढ. दोघांचे आवाज चढले. आपल्याकडे तोंडाचे चार भाग करून प्रत्येकात एक ते आठ मोजतात, पहिल्या भागातला सहावा तो सोळा. अमेरिकेत वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून सुरू करून सलग बत्तिसापर्यंत. मी पेपर खाली ठेवून विचारलं, “दोघांनी तक्ता दाखवा आधी, मोजायला कुठून सुरुवात केलीय?”

पलीकडून भाची ओरडली, “मामा, तू मधे पडू नकोस!”